मेहुण्याच्या व्यसनमुक्तीसाठी मी घेतलेले कष्ट

५ जून, गुरुवार

आज जगदीशला घेऊन जळगावच्या केंद्रावर गेलो. जगदीश म्हणजे नूतनचा धाकटा भाऊ. एरंडोलला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. कामाला एक नंबर, पण दुपारनंतर दुकानात मोटार कमी आणि बाटली जास्त. नूतन म्हणाली, तो एकटा जायला तयार नाही, दाजी सोबत आले तर जाईन म्हणतो. मी लगेच हो म्हटलं. सासरच्या माणसांत शिकलेला मी एकटाच. बी.एस्सी. (एक विषय बाकी).

केंद्र समाजमंदिराच्या माडीवर आहे. खाली शिवणक्लास. वर कुणी रडायला लागलं की खालची मशिनं थांबतात, असं जाणवलं.

समुपदेशक सरिता मॅडम. वय तिशीच्या आत. त्यांनी सगळ्यांना एकेक वही दिली. मी स्पष्ट केलं की मी पेशंट नाही, नातेवाईक आहे. त्या म्हणाल्या, नातेवाइकांनीही लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. फक्त खरं लिहा.

ठीक. जगदीशची प्रगती नोंदवायला वही बरी पडेल.

स्वतःबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. मी घेतो, पण शास्त्रीय पद्धतीने. साठ मिली, मेजरिंग सिलिंडरने मोजून. ज्युनियर कॉलेजात एकोणीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे, मोजमापाची सवय आहे.

१२ जून, गुरुवार

जगदीशचे हात थरथरत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एकदम काही सोडू नको, सांगू तसं कर म्हणाले. परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून डोळे पुसत होता. बघवेना.

घरी येऊन थोडी घेतली. दुसऱ्याचं दुःख जवळून बघितलं की माणूस थकतो.

१४ जून

नूतनने स्वयंपाकघरातली माझी बाटली मोरीत ओतली. भावाच्या काळजीने ती जरा टोकाला गेलीय. मी वाद घातला नाही. समंजसपणा कुणीतरी दाखवावा लागतो.

१७ जून, मंगळवार. सकाळी ११

कॉलेज सुरू झालं. लॅबमधल्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. तिथे सोय केली. रंग नसलेली आणली, वासही जवळजवळ नाही. बाटलीवर लेबल लावलं: 'डिस्टिल्ड वॉटर (फक्त स्टाफसाठी)'. अक्षर चांगलं आलं.

नियम: कॉलेज सुटल्यावरच.

१८ जून

नियमात किरकोळ बदल. कॉलेज सुटायच्या आधी, पण शेवटच्या प्रॅक्टिकलनंतर.

२३ जून

पहिल्या आणि शेवटच्या प्रॅक्टिकलच्या मध्ये. सिलिंडर धुऊन ठेवावा लागतो, त्यात वेळ जातो. आता अंदाजाने घेतो. इतक्या वर्षांच्या अनुभवाने अंदाज अचूक येतो.

३ जुलै, गुरुवार

जगदीशचे अठ्ठावीस दिवस. गालावर तजेला आलाय. मी बरोबर असल्याचा फायदा होतोय.

आज ग्रुपमध्ये सरिता मॅडमनी विचारलं, प्रेमराजभाऊ, तुम्हाला काही बोलायचंय? मी इथेनॉलची रचना, यकृतातलं ऑक्सिडेशन वगैरे दहा-बारा मिनिटं समजावून सांगितलं. सगळे शांत ऐकत होते. मग तोताराम नावाचा एक म्हातारा, पाचोऱ्याहून येतो, त्याने विचारलं, "सर, हे सगळं ठीक. तुम्ही किती घेता?"

मी म्हटलं, प्रश्न विषयाला सोडून आहे. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. आजपासून पूर्ण बंद. कुणाला सांगायचं नाही, करून दाखवायचं. सकाळी लिहितोय, म्हणजे साक्ष राहील.

त्याच दिवशी, संध्याकाळी

केंद्रावरून येताना घाम फार आला. छातीत धडधड. डॉक्टर जगदीशला म्हणालेच होते की एकदम सोडायची नाही. वैद्यकीय सल्ला मानला.

२२ जुलै, मंगळवार

हे लिहायचं नव्हतं.

बारावीची बॅच होती. क्षारांची ओळख. मुलं जास्त, त्यात लाइट गेलेली. सकाळी वॉश बॉटल मीच भरल्या. कपाटात दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, दोन्हींवर लेबल एकच. (लेबल तसं ठेवण्यामागे कारण होतं, आधी लिहिलंय.)

तिसऱ्या टेबलावर मुलींनी परीक्षानळीत क्षार घेतला, वॉश बॉटलमधलं 'पाणी' घातलं, बर्नरवर धरली. नळीच्या तोंडाशी भप्पकन निळा जाळ. नळी खाली पडली. एका मुलीच्या ओढणीचं टोक करपलं. बाकी कुणाला काही नाही. कुणाला काही झालं नाही.

त्या टेबलावर दिपमाला होती. माझी दिपमाला.

तिने वॉश बॉटल उचलली, नाकाशी नेली. माझ्याकडे बघितलं. मग बेसिनपाशी जाऊन सगळी ओतली, नळ मोठा सोडला, बाटली दोनदा विसळली. कौतिक सर, रसायनशास्त्राचे, धावत आले. काय झालं? ती म्हणाली, "सर, मी चुकून पाण्याच्या जागी स्पिरिट भरलं."

सरांनी तिला सगळ्या वर्गासमोर झापलं. बारावीत आहेस, लॅब असिस्टंटची पोरगी आहेस, एखादीचा चेहरा जळाला असता तर? बराच वेळ बोलत होते. ती मान खाली घालून उभी. मी दारात होतो.

मी बोलणारच होतो. तेवढ्यात बेल झाली.

२३ जुलै

दिपमालाने माफीनामा लिहून दिला. तो प्राचार्यांकडे मीच नेऊन दिला. लॅबचे कागद मीच नेतो, ती रोजची पद्धत आहे.

घरी ती जेवली, अभ्यासाला बसली. मी विचारलं, काही त्रास नाही ना? ती म्हणाली, नाही पप्पा. नूतनला तिने काहीच सांगितलं नाही. समजूतदार पोरगी आहे. माझ्यावर गेलीय.

२४ जुलै, गुरुवार

केंद्रावर गेलो नाही. जगदीशला सांगितलं, कॉलेजात ऑडिट आहे.

कपाटातली बाटली बदलली. लेबल बदललं. आता 'विष' असं लिहिलंय, लाल अक्षरात. सुरक्षिततेचा विचार महत्त्वाचा.

२९ जुलै

आठवडाभरात फक्त चार वेळा. म्हणजे दिवसातून. पूर्वीचा हिशेब ठेवला नसल्याने तुलना करता येत नाही, पण कमी असावं.

७ ऑगस्ट, गुरुवार

जगदीशने दुकानाला रंग दिला. गिऱ्हाईक परत येतंय. बसमध्ये मला म्हणाला, "दाजी, तुम्ही नसते ना, तर मी पहिल्या दिवशी जिन्यावरूनच परत फिरलो असतो." मी म्हटलं, कर्तव्य आहे. नंतर बाहेर बघत म्हणाला, दाजी, एकदा तुम्ही पण डॉक्टरला दाखवा ना. माझ्यासाठी.

मी म्हटलं, माझं बी.पी. नॉर्मल आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

उद्या ड्राय डे. आजच व्यवस्था केली. दुकानात रांग होती. रांगेत मागून कुणीतरी 'सर, नमस्कार' म्हणालं. वळून बघितलं नाही. विद्यार्थी असावा. नसेलही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला उशीर झाला. राष्ट्रगीत सुरू असताना गेटबाहेर थांबलो. नियमाप्रमाणे तिथेच सावधान उभा राहिलो. सगळे आत, मी बाहेर.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पुढच्या महिन्यात जगदीशचे नव्वद दिवस पूर्ण होतात. केंद्रावर छोटासा कार्यक्रम असतो, घरच्यांपैकी एक जण चार शब्द बोलतो. जगदीशने माझं नाव दिलं. सरिता मॅडम म्हणाल्या, प्रेमराजभाऊ, नक्की बोलायचंय? नसेल तर चालेल. मला त्यांचा प्रश्न समजला नाही. मी उत्तम बोलतो.

भाषणाची तयारी सुरू. मुद्दे: कुटुंबाची भूमिका, आदर्श, संयम.

४ सप्टेंबर, गुरुवार. कार्यक्रम

सकाळपासून घशाला कोरड होती. आवाज मोकळा व्हावा म्हणून थोडी. बसस्टँडवर आणखी थोडी. बडीशेप खाल्ली.

नूतन, दिपमाला, सासूबाई भिकुबाई, सगळे आले होते. जगदीश नव्या शर्टात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तोतारामने त्याला मिठी मारली. मग मी उठलो.

सुरुवात चांगली झाली. जगदीशचं कौतुक केलं. मग आदर्शाचा मुद्दा आला. मी म्हटलं, घरात एक माणूस ताठ उभा असेल तर दुसरा सावरतो. मी म्हटलं, मी स्वतः थेंबालाही शिवत नाही.

हे भाषणाच्या कागदावर नव्हतं. तोंडातून आलं.

खालच्या मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. मी नूतनकडे बघितलं, ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. दिपमाला उठली आणि जिना उतरून गेली. मी पुढे काहीतरी बोलत राहिलो, संयमाबद्दल. वाक्य संपेना. टेबल धरायला गेलो तर ते होतं त्यापेक्षा लांब होतं.

सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू आलं, "बठा आते, जवाई. बठ्ठासले माहीत शे." सगळ्यांना माहीत आहे, म्हणे.

जगदीशने माझा दंड धरून मला खुर्चीवर बसवलं. त्याचा नवा शर्ट माझ्या हाताने चुरगळला. त्याच्या नव्वद दिवसांचा कार्यक्रम होता.

५ सप्टेंबर

कुणी रागावलं नाही. त्याचंच अवघड वाटतंय.

सकाळी दिपमाला दप्तर घेऊन दारात थांबली. म्हणाली, "पप्पा, लॅबचं कौतिक सरांना मी सांगू, का तुम्ही सांगता?" मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, बघतो नाही. सोमवारपर्यंत.

नूतन मागे उभी होती. "लॅबचं काय?" तिने विचारलं. दिपमालाने तिला सगळं सांगितलं. निळा जाळ, ओढणी, माफीनामा. मी चपला घालत होतो. एक चप्पल घालायला इतका वेळ मला कधी लागला नव्हता.

८ सप्टेंबर, सोमवार

कौतिक सरांकडे गेलो. सकाळी काही न घेता गेलो. हात टेबलाखाली ठेवले. प्रस्तावना तयार केली होती: सर, त्या दिवशी एक तांत्रिक चूक झाली.

सर म्हणाले, "प्रेमराज, मला वास आला होता." ते म्हणाले, "स्पिरिटचा वास कुठला आणि दारूचा कुठला, मला कळत नाही का? तुमच्या पोरीला झापत होतो ना, ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून. आता बोलतील, आता बोलतील म्हणून मी लांबवत होतो. तुम्ही बोलला असता तर तिथेच थांबलो असतो. शेवटी बेल झाली."

बेल त्यांनाही आठवत होती.

मग म्हणाले, किल्ली ठेवा. केंद्राचा कागद आणा, डॉक्टरांचं लिहून आणा, तोवर तुम्ही लायब्ररीत बसा. प्राचार्यांना मी सांगतो आणि दिपमालाचा माफीनामा फाईलमधून काढायलाही सांगतो. माझी पण चूक आहे, कळूनही मी इतके दिवस बोललो नाही, त्यात एखादी पोर भाजली असती.

कपाट त्यांच्यासमोर उघडलं. 'विष' लिहिलेली बाटली त्यांनी उचलली, उजेडात धरली. अक्षर सुंदर आहे तुमचं, म्हणाले. टोमणा असावा असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज केंद्रावर नूतन सोबत आली. बसमध्ये ती खिडकीकडे बसली, मी कडेला. मधल्या सीटवर तिने पिशवी ठेवली.

जिना चढताना दम लागला. सरिता मॅडमनी एकच म्हटलं, या, बसा. मी सांगितलं, मला दाखवायचंय. पुढचं वाक्य तयार होतं, ते वापरावं लागलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, पोट दाबलं, रक्त तपासायला सांगितलं. एकदम बंद करायची नाही, गोळ्या नूतनच्या हाती द्यायच्या, पहिले पाच दिवस घरात कुणीतरी जागं पाहिजे. माझ्याबद्दल माझ्यासमोर नूतनला सांगत होते. लहान मुलाचं सांगतात तसं. मी मान हलवत होतो.

मग मॅडम फॉर्म भरायला लागल्या. रोज किती? मी म्हटलं, एक क्वार्टर. त्यांनी पेन टेकवलं नाही, नुसतं बघत राहिल्या. मी म्हटलं, दोन. मग म्हटलं, सकाळची धरली तर अडीच-तीन. ते त्यांनी लिहिलं.

कधीपासून? मी म्हटलं, रोज अशी... दोनेक वर्षं झाली असतील.

नूतन भिंतीकडे बघून म्हणाली, "आठ. दिपमाला चौथीत होती तेव्हापासून."

मला वाटत होतं तिला कळून दोन वर्षं झाली. आठ वर्षं ती माझ्या बडीशेपेचा वास घेत होती. मॅडमनी विचारलं, आठ लिहू? मी हो म्हटलं. त्यांनी आठ लिहिलं. सही केली. अक्षर वाकडं आलं.

आता घरी आहे. नूतन आत गोळ्या मोजतेय. मॅडम म्हणाल्या होत्या, खरं लिहा, म्हणून लिहितो.

नऊ. दिपमाला तिसरीत होती. शाळेच्या गॅदरिंगनंतर तिला आणायला मी जायचं होतं. सगळी पोरं गेली, ती फुलपाखराच्या ड्रेसमध्ये गेटजवळ बसून राहिली, शेवटी वॉचमनने तिला घरी आणून सोडलं. मी तासाभराने आलो. नूतनला सांगितलं, गाडी पंक्चर झाली होती. ती म्हणाली, हात काळे नाहीत तुमचे, बरं झालं कुणी मदतीला भेटलं ते.

आज तिथे बसून हे सांगता आलं असतं. फॉर्म उघडाच होता. सांगितलं नाही.

गाडी पंक्चर झाली नव्हती.