आर.सी. बुकातलं बाबाचं नाव

वाडी, नागपूर
दि. १८ मे १९७५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तू आणि मीरावहिनीही असाल असं धरून चालते, कारण तुझ्याकडून तर काही कळत नाही. कन्हान इथून काही विलायतेत नाही, पण असो.

ऊन फार आहे. तरी खानावळीला ड्रायव्हर लोकांची गर्दी आहेच. वरण पातळ झालं म्हणून कुरकुरतात आणि तेच दुसऱ्यांदा मागून घेतात.

बातमी अशी की गेल्या सोमवारी आपली गाडी पकडली होती. घाबरू नकोस, सुटली. आजवर टॅक्स हेच भरत, यंदा एप्रिलमध्ये पहिल्यांदाच मी स्वतः आर.टी.ओ.च्या रांगेत उभी राहून वर्षाचा टॅक्स भरला. एवढ्या रांगेत बाई मी एकटीच. टॅक्स भरल्यावर एक गोल कागद देतात, त्याला टोकन म्हणतात. ते टोकन आणि गाडीचं आर.सी. बुक मी घरी आणून बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवलं. आपल्या घरी मोलाचा कागद तिथेच जातो. तुझी सातवीची मार्कशीटही आईनं तिथेच ठेवली होती. त्या ट्रकच्या केबिनमध्ये तेलाचे हात लागून बुक खराब व्हावं, हे मला बघवलं नसतं. तुझे जावईबापू दोनदा म्हणाले की कागद गाडीत राहू दे, पण माझ्यापुढे त्यांचं किती चालतं ते तुला माहीत आहे.

कळमेश्वरच्या रस्त्यावर तपासणी लागली. यांच्याजवळ लायसन होतं, पण काचेवर टोकन नाही आणि गाडीत बुक नाही. साहेबानं गाडी बाजूला लावली आणि मालकाला कागद घेऊन बोलवा म्हणून सांगितलं. आपल्या खानावळीत जेवणारा ताराचंद ड्रायव्हर तिकडून येत होता, त्यानं निरोप आणला. मी चूल विझवली, कागद पांढऱ्या फडक्यात बांधले आणि त्याच्याच ट्रकमध्ये बसून निघाले. वाटभर ते फडकं मांडीवर धरून बसले. गाडी गेली तर आमचं काय राहणार होतं?

साहेबानं माझ्या मागे बघत विचारलं, मालक कुठे आहे? मी म्हटलं, मीच आहे.

त्यानं फडकं सोडलं, इंजिनाचा नंबर, चेसिसचा नंबर गाडीशी ताडून पाहिला. मग हसला आणि समजावून सांगितलं, की बाई, हा कागद घरी ठेवायचा नसतो, गाडीबरोबर फिरवायचा असतो, आणि टोकन समोरच्या काचेवर दिसलं पाहिजे, दर वर्षी नवं. दंड भरला. टोकन मी तिथेच माझ्या हातानं काचेला लावलं.

दादा, आता त्या दिवसाचं. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण हात थांबत नाही. गाडी घेतली त्या दिवशी तू जेवता जेवता म्हणालास, "नवऱ्याले आपला ड्रायव्हर करून टाकलं वं तू. लोक थुकतीन." आणि भरलं ताट सोडून उठलास. दोन वर्षं झाली. मला राग आला होता, थोडा अजूनही आहे. खानावळीच्या चुलीपुढे मी जळले तेव्हा ती जुनी गाडी दारात आली. मग माझं नाव लागलं तर कोणाचं काय गेलं?

पण तू बुक उघडूनही पाहिलं नाहीस. त्यात नावाखाली लिहावं लागतं, कोणाची बायको किंवा कोणाची मुलगी. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "बापाचं लिवा साहेब. माह्यं नाव लायसनवर आहे न."

आणि सोमवारी रस्त्यावर साहेबानं ते पान मोठ्यानं वाचलं. इंग्रजीतलं आम्हाला मराठीत सांगत होता. "तुळसाबाई. श्री. देवाजी गजभिये यांच्या कन्या. बरोबर?"

दादा, आपल्या बाबानं जन्मभर धक्क्यावर दुसऱ्यांच्या ट्रकांत कोळसा भरला. 'ए देव्या' याशिवाय त्याला कोणी हाक मारली होती का? वर्दीतला माणूस चार लोकांसमोर त्याला श्री. म्हणाला. मी बरोबर म्हटलं आणि तिथेच उभी राहून रडले. दुःखानं नाही. मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

येत्या रविवारी गाडी कन्हानला रिकामी येईल. हे तुझ्या दारात थांबतील, हॉर्न वाजवतील. भांडायचं असेल तर भांड, पण गाडीत बसून इकडे ये आणि जेवून मग भांड. वहिनीलाही आण. बुक आता गाडीतच असतं. वाटेत ते पान तू स्वतः वाच, मोठ्यानं वाच.

तुझी वाट बघणारी,
तुळसा देवाजी गजभिये
गाडीमालक