तुझं इंग्रजी आणि उच्चारबाईंचे आरसे

तीर्थरूप मामास,

तुझ्या लाडक्या आणि कालपासून नोकरीत कायम झालेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीची चिडचिड कशी आहे? (दोन्ही एकदमच वाढतात, हे मला ठाऊक आहे.) इथे सगळं उत्तम, उत्तमाच्याही वर!

कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकायची ही नोकरी इंग्रजी उच्चारांच्या परीक्षेवर अडली होती. आमच्या उच्चारबाई (या जांभईसुद्धा इंग्रजीत देतात) प्रत्येकीच्या टेबलावर आरसा ठेवतात. एका स्वराला तोंडात दोन बोटं मावली पाहिजेत, दुसऱ्याला एकच. तीन आठवडे मी तोंडात बोटं घालून बसले. जबडा आखडला, स्वर काही जागचा हलेना. "तुमचं इंग्रजी खलाशाचं आहे," असं बाई चारचौघांत म्हणाल्या आणि काल शेवटची संधी दिली: खरा फोन, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. जमलं नाही तर घरी.

फोन आला तो एका संतापलेल्या आजोबांचा, विलायतेतल्या कुठल्याशा दूरच्या डोंगरातून. आखूड स्वर ताणायचे, लांब स्वर गिळून टाकायचे. दोन दिवस आमच्यातल्या सगळ्या हुशार मंडळींनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. म्हणून आधी बाईंनीच फोन घेतला. शुद्ध स्वरांत तीनदा माफी मागितली, आजोबा तीनदा खेकसले. मग फोन माझ्याकडे आला. आणि मामा, मला शब्दन्‌शब्द कळला! तुझ्या जहाजावरचा तो चीफ इंजिनिअर, ज्याच्याकडून तू बावीस वर्षांत इंग्रजी उचललंस, तो याच डोंगरातला असणार. मी आरसा पालथा घातला आणि थेट तुझ्या इंग्रजीत सुरू झाले. नळ बंद करायला लावला, जाळी साफ करून घेतली, मशीन घरघरलं. आजोबा म्हणाले, "चला, शुद्ध बोलणारं एक तरी माणूस आहे तुमच्याकडे!" त्या क्षणी बाईंच्या तोंडात चार बोटं मावली असती. संध्याकाळी नोकरीचं पत्र हातात पडलं.

लहानपणी आम्ही भावंडं तुझ्या इंग्रजीच्या नकला करायचो आणि तू अर्ध्या जेवणावरून उठायचास. त्याची आज फार लाज वाटते, आणि तुझा त्याहून जास्त अभिमान.

तुझी विजयी भाची

ता. क. : सोमवारपासून हे उच्चार सगळ्यांना मी शिकवायचे आहेत, बाईंनासुद्धा. तेव्हा तासभर काहीही इंग्रजी वाच आणि रेकॉर्ड करून पाठव.

ता. क. दुसरा : आत्ताच मामीचा फोन आला. आमच्या इतक्या वर्षांच्या हसण्याला कंटाळून तू दोन महिने गुपचूप उच्चारांच्या शिकवणीला जातोयस, आणि आता अगदी बातम्या देणाऱ्यासारखं बोलतोस म्हणे. मामा, पाया पडते, सोमवारच्या आत पुन्हा बिघड!