अल्पेशचे खरे वय

मी, मनोरमा सदानंद घरत, राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, तालुका वसई, जिल्हा ठाणे, वय छप्पन्न, व्यवसाय मुख्याध्यापिका, सध्या आजारी रजेवर, आज हे मृत्युपत्र करून ठेवते. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. तीस वर्षे दुसऱ्यांना धाक घातलेल्या बाईला आता कोण घालणार. डॉक्टरांनी दिवाळीचा शब्द दिलेला नाही.

हात थरथरतो म्हणून मी सांगते आहे आणि माझी मुलगी स्वप्नाली लिहिते आहे. जिला मिळायचे तिनेच लिहू नये, असे शेजारचे हरेश्वरभाऊ म्हणाले. पण तिने हे माझ्या तोंडून ऐकावे म्हणूनच तिला बसवली आहे. साक्षीला हरेश्वरभाऊ आहेत आणि कळंबचे बॅप्टिस्ट आहेत, पूर्वीचे बोटमालक. बॅप्टिस्ट उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते, दारातच बसले आहेत. का, ते पुढे येईल. यजमान ओटीवर बसले आहेत. त्यांना ऐकू जाते आहे.

कलम पहिले. माझा भविष्यनिर्वाह निधी आणि पोस्टातली बचत यजमानांची. ती त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे काळूरामभाऊजींना, विचारून खर्च करू नये.

कलम दुसरे. शेतीची अवजारे, म्हणजे विळे, कोयते, कुदळ, काळूरामभाऊजींना द्यावीत. फावडे देऊ नये. त्याच फावड्याने त्यांनी आमचा बांध दर पावसाळ्यात वीतभर अलीकडे घेतला. आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे, बांध दोघांचाही गेला, तरी देऊ नये.

कलम तिसरे. शिलाई मशीन स्वप्नालीचे. तिला शिवता येत नाही. मोडीत घातले तरी माझी हरकत नाही.

कलम चौथे. माझा मुलगा अल्पेश याचा जन्म ९ डिसेंबर १९८१ चा. शाळेच्या जनरल रजिस्टरला १ जून १९८० आहे. ते अक्षर माझे आहे.

सासूबाई वारल्या आणि पोराला घरी सांभाळणारे कोणी उरले नाही. म्हणून साडेचार वर्षांच्या अल्पेशला मी माझ्याच पहिलीच्या वर्गात बसवले आणि कागदावर तो पुरता सहा वर्षांचा केला. तेव्हा निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असायचा. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडता आला की पोर सहाचे झाले असे धरत. अल्पेशचा हात कानाच्या वर दोन बोटे राहिला होता. मी बघितले आणि तारीख घातली. इतरांना तारीख ठाऊक नसायची. मला ठाऊक होती.

त्यामुळे तो वर्गात कायम लहान. सोबत्यांना मिसरूड फुटले तेव्हा याचा आवाजही फुटला नव्हता. ती पोरे विरारला सिनेमाला जात, कळंबच्या समुद्रावर जात, आणि मी याला म्हणायची, तू अजून लहान आहेस. तो म्हणायचा, ‘कागदावर तूच मोठं केलंस ना? मग घरी कशाला लहान?’ मी त्याच्या मुस्काटात मारली. त्याने दाढीचे सामान आणले, ते मी काढून घेतले. ते कपाटात आहे, ब्लेडचा कागदसुद्धा निघालेला नाही. ते कोणाला देऊ नये. यजमान तेव्हा म्हणायचे, ‘तू शाळंत बाई हायेस, घरान तरी आई हो.’ मी दोन्हीकडे बाईच राहिले.

बारावी झाली तेव्हा तो कागदावर अठरा आणि खरा साडेसोळा. फुलपाड्याला मित्राकडे चार दिवस राहायला जातो म्हणाला, मी नाही म्हटले, भांडण पेटले. मग मी माझे कमावतो म्हणाला. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटणार होत्या. तो कळंबला गेला आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवून बॅप्टिस्टांच्या बोटीवर खलाशी म्हणून नाव देऊन आला.

बॅप्टिस्ट अठराच्या आतले पोर बोटीवर घेत नसत. त्यांचा धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी दर्यात बुडाला होता. दाखला हातात होता, पण पोराचा चेहरा त्यांना पटेना, म्हणून ते माझ्या शाळेत विचारायला आले. नेमके त्या दिवशी विस्तार अधिकारी तपासणीला आलेले. तेच रजिस्टर त्यांच्या पुढ्यात उघडे होते आणि मुख्याध्यापकपदासाठी माझे नाव वर पाठवायचे त्यांच्याच हातात होते. बॅप्टिस्टांनी दारातून विचारले, ‘बाई, पोराचा वय पुरा हाय ना? मना तो लान वाटते.’

मी म्हणाले, ‘दाखल्यावर आहे तेच वय.’

ते म्हणाले, ‘दाखला बघला मी. तुमाला इचारतो, त्याचे आयेला.’

मी म्हणाले, ‘वेगळे काय सांगायचे?’ ते गेले.

अधिकारी समोर होते म्हणून खोटे बोलले, हे अर्धेच खरे आहे. मला राग आला होता. वाटले, जाऊ दे, दोन दिवस ओकाऱ्या काढील आणि नाक घासत घरी येईल. पोराला वाकवायला मी समुद्र वापरला.

चौथ्या दिवशी जाळे ओढताना तो पडला. बॅप्टिस्टांनी मागोमाग उडी टाकली, त्यांचा खांदा निखळला, पोर हाती लागले नाही. सहाव्या दिवशी सापडला. मृत्यूच्या दाखल्यावरही वय अठरा लागले. लिहिणारा कारकून मला विचारून लिहीत होता.

स्वप्नाली थांबली आहे. मी तिला सांगते आहे, पुढे लिही.

कलम पाचवे. गाव म्हणाले, बॅप्टिस्टने कोवळे पोर नेऊन मारले. यजमान त्यांच्या दारात जाऊन थुंकले. मी अडवले नाही. आईला विचारले होते, हे बॅप्टिस्टांनी कोणाला एका शब्दाने सांगितले नाही. त्याच वर्षी त्यांनी बोट विकली. आता ते समुद्रावरच्या कॉटेजांची राखण करतात, आणि मी मुख्याध्यापिका झाले. का नाही सांगितलेत, असे मी परवा त्यांना विचारले. म्हणाले, ‘रडनाऱ्या बायला अजून काय मारायचा.’

त्यांना मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, आणि त्यांचे जे गेले ते माझ्याकडे नाही. एवढेच लिहून ठेवते की दोष त्यांचा नव्हता, माझा होता. हे कलम गावात मोठ्याने वाचावे.

यजमान ओटीवरून उठून गेले आहेत. चपला घातल्या नाहीत. हरेश्वरभाऊ बघून आले, तळ्याकाठी उभे आहेत म्हणाले. त्यांना बोलावू नका, असे मी सांगितले आहे.

कलम सहावे. स्वप्नालीची जन्मतारीख २२ मार्च १९८७. ही खरी. अल्पेश गेल्यावर मी तिचा एकेक दिवस मोजला. तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. मैत्रिणींची पत्रे आधी मी वाचली. सहल नाही, सायकल नाही. ती अकरावीला गेली तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी रजा टाकून बसले. पोरी हसायच्या, ही मान खाली घालून यायची. तिने कधी तक्रार केली नाही. आई जपते, असे लोक म्हणत. मी जपत नव्हते, मी राखण करत होते.

नर्सिंगला तिचा नंबर लागला आहे. वसतिगृह मुंबईत आहे. अठरा पूर्ण नाहीत म्हणून पालकाची सही लागते. तो फॉर्म दीड महिना माझ्या उशीखाली आहे आणि हजर व्हायचे येत्या शनिवारी आहे. आज वार गुरुवार.

एवढ्यात यजमान परत आले. आत गेले, तांब्या भरून आणला आणि बॅप्टिस्टांपुढे धरला. ‘पानी घे,’ म्हणाले. बॅप्टिस्टांनी घेतले. यजमानांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहावे असे मी मागू शकत नाही.

कलम सातवे. राहते घर माझ्या पगारावरच्या कर्जातून बांधलेले, माझ्या नावे आहे. ते माझ्यामागे स्वप्नालीचे. यजमानांनी हयातभर त्यात राहावे. मात्र अट अशी की माझा शेवट होईपर्यंत स्वप्नाली याच घरात माझ्याजवळ राहील.

इथे स्वप्नालीने पेन खाली ठेवले. बोललेले सगळे लिहायचे असे ठरले होते, म्हणून तिचे बोलणेही लिहायला लावते आहे. ती म्हणाली, ‘आई, कागदाला बोलायला लावू नकोस. तू स्वतः सांग. राहा म्हणालीस तर मी राहीन. मी तुला विचारतेय.’

बॅप्टिस्ट जमिनीकडे बघत होते.

मला भीती वाटते. दुखायला लागले की हाक मारायला आपले माणूस लागते. यजमान ओ देतील की नाही, आजनंतर मला माहीत नाही. तिने राहावे असे मला मनापासून वाटते. राहा म्हणाले तर ती राहील आणि पुन्हा मान खाली घालील, हेही मला ठाऊक आहे.

मी म्हणाले, जा. फॉर्मवर सही करून तो तिच्या हातात दिला.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. ते मला वाचून दाखवले, बरोबर आहे. खाडाखोड एक: कलम सातवे, ‘मात्र अट अशी की’ पासून ‘माझ्याजवळ राहील’ पर्यंतचे वाक्य मी खोडले आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे.

स्थळ: आचोळे
दिनांक: १५ जुलै २००४

सही: मनोरमा सदानंद घरत

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. हरेश्वर वामन भोईर, आचोळे
२. बॅप्टिस्ट रुडॉल्फ मिंगेल, कळंब

लिहिणार: स्वप्नाली सदानंद घरत. आईने सांगितले तसेच लिहिले आहे. सही करताना तिचा हात फार हलत होता, म्हणून मी धरायला गेले. तिने धरू दिला नाही. मी शनिवारी निघते आहे.