इमर्शनचा अर्थ आणि मामाची कवळी

तीर्थस्वरूप उदारामजी यांस,

दवनीवाड्याहून आपल्या बहिणीचा नवरा गोपीचंद याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक (जमुना माझ्याशी बोलत नाही, ते सोडून). धान लोंबीवर आलं आहे. आपली प्रकृती कशी आहे, आणि हिरड्या? फोन आपण उचलत नाही, म्हणून आमगावला पत्र धाडतो आहे.

जन्माष्टमीच्या कान्होबाच्या विसर्जनाला तलावावर जे घडलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. कान्होबा डोक्यावर घेण्याचा मान पाहुणे म्हणून आपला, आणि आरती संपेपर्यंत मूर्ती खाली उतरवायची नाही हा आपला रिवाज. आपण कंबरभर पाण्यात उभे होतात आणि आरतीचं शेवटचं कडवं तेवढं राहिलं होतं. नेमकं तेव्हाच रेणूच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, शालीकरामजींनी, विचारलं की गुरुजी, विसर्जनाला इंग्रजीत काय म्हणतात? निवृत्त झालो तरी मी इंग्रजीचा मास्तर (वर मुलीचा बाप). 'इमर्शन' एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण मी आरती थांबवली आणि पार लॅटिनपर्यंत गेलो. मूळ शब्द 'मेर्गेरे', म्हणजे बुडवणे. आधी 'इन' जोडला की आत बुडवणे, 'सब' जोडला की दिसेनासं होईपर्यंत बुडवणे. ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याला हाच शब्द वापरतात, पाणी तापवायच्या रॉडवर हाच छापलेला असतो, आणि शहरात हल्ली लोक भाषेत नि संगीतातही इमर्स होतात (कपडे ओले न करता). शालीकरामजी मान डोलवत होते. मागून आपला आवाज आला, "जवाईबापू, पाय सरकून राहिला जी." मी हात वर करून थांबा म्हटलं, वर्गात म्हणायचो तसं.

आपण कान्होबासकट गेलात. दुधराम ढिवराने आपल्याला वर काढलं, पण नवी कवळी आतच राहिली. तिथे तरी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण आपलं डोकं वर येताना पाहून माझ्या तोंडून निघून गेलं की, बघा, त्याच धातूचा 'इमर्ज', म्हणजे बाहेर येणे. तलावाच्या काठावरची सगळी पाळ हसली. आपण न जेवता, ओल्या कपड्यांनी आमगावची वाट धरलीत. जन्मभर पोरांना उदाहरणासहित शिकवलं, तीच खोड नडली. मी चुकलो, उदारामजी. दुधरामने कवळीसाठी जाळं टाकून पाहिलं. एक मरळ आणि कुणाची तरी चप्पल निघाली.

आपला अपराधी,
गोपीचंद

ता. क. नवी कवळी माझ्याकडून. गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माप घ्यायला तोंड लागतं. तेवढं घेऊन यावं.

आणखी ता. क. रेणूचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. नवरीला मांडवात मामानेच आणायचं असतं, हे मी आपल्याला काय सांगावं? शालीकरामजींनी विचारलं, तेव्हा आपण मला माफ केलं असं मी ठोकून दिलं. मग रेणूनेही तेच विचारलं. तिच्यापुढे खोटं बोलवलं नाही. ती म्हणाली, "मंग मी घरातच बसतो. मामा आला का सांगजा, तवाच मांडवात येतो."