तुरीच्या दाण्याएवढा ब्रश

आर्वी, मंगळवार संध्याकाळ

सकाळी वर्ध्याला जाऊन पापण्यांना रंग लावायचा तो बारीक ब्रश आणलाच. टोक तुरीच्या दाण्याएवढं. माझ्याकडचे सगळे फुगीर. रविवारी लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला त्यांनीच अल्लीपूरच्या नवरीच्या पापणीचा रंग थेट भुवईपर्यंत नेला होता. तिचे डोळे लहान, वरची पापणी घडी पडून खाली उतरलेली. बंद डोळ्यांवर कितीही छान रंगवा, उघडले की सगळं घडीत गडप.

म्हणून आज पुन्हा बोलावलं आणि म्हटलं, डोळे उघडे ठेव, माझ्याकडे पाहा. घडीच्या किंचित वर ब्रश टेकवला. काय सुरेख जमलं! मीच खूश.

बाकीच्या नवऱ्या डोळे मिटून बसतात. ही सारखी माझ्याकडे पाहत होती, एवढ्या जवळून. तिची आई फोनवर बोलत बाहेर गेली, तशी हळूच म्हणाली, "ताई, मले नाई करायचं हे लग्न."

आणि मी काय म्हटलं? "हलू नको, रंग पसरून राह्यला."

असं काऊन म्हटलं मी? हातात ब्रश होता म्हणून? आई परत आली, आरशात पाहून म्हणाली, "बाई, डोळे किती मोठे दिसून राह्यले!" पोरगी आरशातूनही माझ्याकडेच पाहत होती.

तिच्या आईला फोन करू? मी कोण लागते त्यांची? पण तिनं मलाच सांगितलं ना.

ब्रश धुऊन वाळत ठेवलाय. तुरीच्या दाण्याएवढं टोक, सारखं तिकडेच लक्ष जातंय. उद्या तिचं लग्न, पहाटे मेकअपला तिला पुन्हा म्हणायचंय, माझ्याकडे पाहा.