यादीतलं एकोणचाळिसावं नाव

॥ श्री ॥
दूधविनायक, वाराणसी
शनिवार, ९ ऑक्टोबर २०२१

तीर्थरूप दादास,
धाकट्या नरहरचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. गीताची बँक आता रोज पूर्ण वेळ चालते. ऑगस्टच्या पुराचा गाळ घाटाच्या पायऱ्यांवरून अजून सगळा निघालेला नाही, त्यामुळे सकाळच्या स्नानाला जपून उतरावं लागतं. तुझी कंबर कशी आहे? वहिनींची दुसरी लस झाली का? फोनवर विचारलं असतं, पण मे महिन्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तक्रार म्हणून नाही, पत्र का लिहितो आहे ते कळावं म्हणून सांगतो.

माझ्या नोकरीबद्दल तुला अर्धंच माहीत असेल. गेल्या वर्षी जुलैत पुण्याच्या कंपनीने बावीस वर्षांनंतर एका व्हिडिओ कॉलवर मला मोकळं केलं. कॉल अकरा मिनिटांचा होता. गीताची बदली आधीच इथे झाली होती, म्हणून सामान आवरून इकडे आलो. सात महिने मुलाखती दिल्या. समोरची मुलं ‘सर’ म्हणत आणि नंतर कळवत नसत. सकाळी स्नान, थोडा जप, मग दिवसभर लॅपटॉपसमोर बसून राहायचं. गीता बँकेतून आली की मी घाईने काहीतरी टाइप करू लागायचो.

फेब्रुवारीत गल्लीतल्याच हिमानीने मला घेतलं. सत्तावीस वर्षांची आहे. तिचे वडील यज्ञेश गुरुजी, मूळचे आपल्याकडचे, पाच पिढ्या इथले. टाळेबंदीत यजमानांना काशीला येता येईना, म्हणून तिने एक स्टार्टअप काढला. लोक घरबसल्या नाव, गोत्र आणि नातं भरतात, गुरुजी त्यांच्या वतीने घाटावर श्राद्ध करतात, आणि यजमान मोबाइलवर पाहतात. आम्ही सहा जण, गुरुजींच्या माडीवर बसतो. बाकीचे सगळे माझ्या निम्म्या वयाचे. मला ‘काका’ म्हणतात आणि माझ्या चुका हिंदीत काढतात. पहिल्या आठवड्यात हिमानी म्हणाली, “काका, तुम्ही फार डॉक्युमेंट लिहिता. पहले चला के देखो ना.” बावीस वर्षांची सवय मोडायला दोन महिने लागले. पण दादा, मी पुन्हा शिकलो. रात्री उजळणी करून शिकलो, शाळेत करायचो तशी. आता नाव भरल्यापासून गुरुजींच्या हातात संकल्पाची छापील यादी पडेपर्यंतचं सगळं माझ्याकडे आहे.

त्या यादीबद्दलच लिहायचं आहे.

बुधवारी सर्वपित्री अमावास्या झाली. राजा घाटावर त्रेसष्ट घरांसाठी एकत्र श्राद्ध होतं. गुरुजी यादीतलं एकेक नाव घेत होते आणि मी शेजारी मोबाइल धरून उभा होतो. त्रेसष्ट घरं त्या मोबाइलमधून बघत होती. एकोणचाळिसाव्या ओळीवर गुरुजींनी वाचलं, “काश्यप गोत्र, वेणीमाधव, भ्राता.”

ते तुझं नाव होतं, आणि मीच लिहिलेलं होतं.

सप्टेंबरात मी यादीची छपाई तपासत होतो. लांब नाव ओळीत मावतं का, गोत्र आणि नातं बरोबर खाली येतं का, एवढंच बघायचं होतं. नात्यांच्या यादीत ‘भाऊ’ आला आणि बोटांनी तुझं नाव लिहिलं. अशा खोट्या नोंदीपुढे आम्ही ‘चाचणी’ असा शब्द लावतो. मी लावला नाही, कारण त्याने ओळ फुटत होती. नंतर ती नोंद पुसायची राहिली. गुरुजींना आपल्या घरातली नावं माहीत नाहीत. त्यांनी समोर लिहिलं होतं ते वाचलं.

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. ‘थांबा, हा माझा भाऊ आहे, तो जिवंत आहे’ एवढं म्हणायचं होतं. त्रेसष्ट घरांनी ऐकलं असतं आणि हिमानीच्या कंपनीचं नाव गेलं असतं, माझंही. मी गप्प राहिलो. पिंड ठेवला गेला, त्यावर तीळ-पाणी पडलं, शेवटी बाकीच्या पिंडांबरोबर तोही गंगेत गेला. नंतर हिमानी म्हणाली, “काका, व्हिडिओ एकदम स्थिर आला. हात जरा पण हलला नाही.”

संध्याकाळी गुरुजींना एकटं गाठून सांगितलं. आधी ते हसले.

“भाऊ खणखणीत आहे ना? मग ग्रंथात उपाय आहे. असा माणूस परत आला तर त्याला तुपाच्या रांजणात बसवायचं आणि पुन्हा जन्माला घालायचं. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं नव्याने. लग्नसुद्धा, त्याच बायकोशी. वहिनींना विचारून घ्या, तयार होतायत का.”

मलाही हसू आलं. मग ते म्हणाले, “पण ते, खरोखर गेला असं समजून क्रिया केली तर. नरहरराव, तुम्हाला तो गेल्यासारखा वाटत होता काय?”

मी हातातल्या छापील यादीची घडी घालू लागलो. ते म्हणाले, “मग याचं प्रायश्चित्त माझ्याकडे नाही. त्याच्यापुढे मांडा.”

म्हणून मांडतो. नाव चुकून राहिलं हे खरं आहे, पण लिहिताना हात अडखळला नाही हेही खरं आहे. चार महिने तू बोलला नव्हतास. आई गेली त्या दिवशी मी व्हिडिओवरून दर्शन मागितलं, तेव्हा तू म्हणालास, “आई म्हणजे काय तुझी मीटिंग आहे?” ते मला फार लागलं होतं, कारण तू ते एका खोट्या माणसाला म्हणाला होतास आणि तुला ते माहीत नव्हतं.

मी तुला सांगितलं होतं की प्रवासाचा पास मिळाला नाही. दादा, मी पास मागितलाच नव्हता. गाड्या चालू होत्या. वैशाखाची प्रतिपदा होती, मी अंघोळ करून बसलो होतो, गीताने बॅगसुद्धा भरली होती. हिमानीला कळलं तेव्हा ती स्वतः म्हणाली, “काका, आप जाइए, आम्ही बघू.” ते ‘आम्ही बघू’ ऐकूनच मी थांबलो. तीन महिन्यांची नोकरी होती. माझ्यावाचून त्यांचं दहा दिवस चाललं, तर पुढेही चालेल हे त्यांना कळेल, अशी भीती वाटली. त्या दहा दिवसांत मी परक्यांच्या आयांची नावं आणि गोत्रं तपासत होतो. एकही चूक झाली नाही. दहाव्याला तू एकट्याने पिंड दिलास, तेव्हा मी एका नागपूरच्या यजमानांना त्यांचा आवाज का येत नाही ते समजावत होतो.

आजारपण, साथ, पास, यांतलं काहीच आड आलेलं नव्हतं. मी आलो नाही.

आपली शाळा आठवते का? चौथीपर्यंतची एकच खोली. मी पहिलीत, तू चौथीत. मी ओढ्यावर खेकडे धरत बसायचो आणि मास्तरांनी माझं नाव पुकारलं की तू आवाज बारीक करून ‘हजर’ म्हणायचास. एकदा पकडला गेलास आणि दोन्ही हातांवर छड्या खाल्ल्यास. घरी येऊन आईला म्हणालास, झाडावरून पडलो. बुधवारी तुझं नाव पुकारलं गेलं तेव्हा ‘हजर’ म्हणायला मी एक हाताच्या अंतरावर होतो.

ती नोंद मी अजून पुसलेली नाही. काल सगळ्यांसमोर हिमानीला दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. तिने ती ओळ एकदा मोठ्याने वाचली. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी प्रत्येक नाव छापायच्या आधी यजमानाला फोन करून विचारायचं. तुम्हीच करा.” मला काढलं नाही. काढलं असतं तरी हे पत्र लिहिलं असतंच, असं म्हणावंसं वाटतं, पण खात्री देत नाही.

आईचं वर्षश्राद्ध वैशाख शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे एक मेला येतं. रजेचा अर्ज आजच दिला. हिमानी म्हणाली, “मे? काका, अभी तो अक्टूबर है.” मी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने उतरेन. तू पिंड द्यायला शेजारी बसू दिलंस तर बसेन. नाही तर ओटीवर बसून राहीन, पण असेन. वहिनींना तुपाच्या रांजणाचं तेवढं सांग, बाकीचं तुला वाटलं तर.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड ठेवलं आहे. रागाचं लिहायचं असेल तर जागा पुरेल. काहीच लिहावंसं वाटलं नाही, तर फक्त ‘हजर’ लिही. ते मी गुरुजींना दाखवेन, आणि मग ती नोंद पुसेन.

तुझा गैरहजर भाऊ,
नरहर