पुठ्ठ्याचा हवालदार

६ जानेवारी

पुन्हा तेच वळण! पेपरवाल्याची मोटरसायकल आणि समोरून टेम्पो. पेपरवाला वाचला, पण पायात सळई घालणार आहेत. रस्ताभर काचा आणि ओले पेपर. पंचनामा करताना एकेक बाजूला सारत बसलो.

खडीच्या खाणीवरून उतार येतो तो थेट या वळणावर. डंपर सुसाट सुटलेले असतात आणि पलीकडून कॉलेजची पोरं स्कूटरवर. मी मागतोय ते एवढंच — उताराच्या तोंडाशी गतिरोधक आणि वळणाला लोखंडी कठडा. रस्ते खात्याचे इंजिनिअर म्हणतात, "या दर्जाच्या रस्त्यावर गतिरोधक चालत नाही हो." आणि माणसं मेलेली चालतात?

आमचं कन्यारत्नही रोज इथूनच जातं. हेल्मेट कोपरात अडकवून. डोक्यापेक्षा कोपराची काळजी जास्त! ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला. हे तिला सांगायला गेलं की "बाबा, लेक्चर नको."

९ जानेवारी

रस्ता सुरक्षेचा आठवडा चालू आहे. आज तिच्याच कॉलेजच्या फाटकाशी आमची तपासणी. आणि आली की — हेल्मेट कोपरात! मी अडवलं. मैत्रिणी बघतायत, साहेब बघतायत. सोडलं असतं तर उद्या कुणाला तोंड दाखवणार? किल्ली काढून घेतली, पावती फाडली, म्हटलं, "बसने जा." पोरं हसली. तिचे कान लाल झाले.

साहेब पाठ थोपटून म्हणाले, "अशी कडक माणसं हवीत!" मला त्या क्षणी साहेबांचाच राग आला.

१० जानेवारी

बोलत नाही.

२१ जानेवारी

किल्ली केव्हाच परत दिली. तरी अबोला आहेच. "आई, त्यांना सांग टीव्हीचा आवाज कमी करा." मी दोन हातांवर बसलोय, बहिरा नाही! बायको मधल्या मध्ये टपालखातं झालीय. म्हणते, "अहो, तुम्हीच बोला ना आधी." मी का बोलू? चूक कुणाची?

हेल्मेट अजून कोपरातच आहे. खिडकीतून बघतो ना मी.

२ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. वाटलं, कठडा मंजूर झाला. कसला कठडा! वळणावर पोलिसाचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा करायचा ठरलंय. माणसाएवढा, हात वर केलेला. लांबून बघून गाड्या हळू होतात म्हणे. आणि फोटो कुणाचा? माझा! "तुमची मिशी लांबून दिसते." फोटोवाला सारखा सांगत होता, "पोट आत घ्या, पोट आत घ्या." एवढ्या नोकरीत मिशी कामाला आली.

७ फेब्रुवारी

पुतळा आला. पोट छापखान्यातच कापलंय. बायको बघायला मुद्दाम वळणापर्यंत आली. म्हणाली, "हा बरा आहे. उलट बोलत नाही, आणि घरी येऊन पाय दाबायला सांगत नाही."

दिवसभर गाड्या कचाकच ब्रेक लावत होत्या. मी जिवंत उभा असताना एवढे ब्रेक कधी ऐकले नव्हते. पुठ्ठ्याचा हेवा वाटावा, काय दिवस आलेत!

१५ फेब्रुवारी

आठवडाभरात सगळ्यांना कळलं. आज माझ्या तोंडात कुणीतरी विडी चिकटवलेली. पेनाने चष्माही काढलाय. डंपर पुन्हा सुसाट. वळणावरचा पंक्चरवाला हसून हसून बेजार — "हवालदार साहेब, तुम्हाला आता कुणी भाव देत नाही!"

त्याला भाव देऊ नये असं मलाही वाटलं, पण चहा त्यानेच पाजला.

१८ फेब्रुवारी

आज धमाल केली. पुतळा पंक्चरवाल्याच्या टपरीमागे आडवा टाकला आणि त्याच्या जागी मी स्वतः उभा राहिलो. तस्साच. हात वर, नजर समोर, पापणी हलवायची नाही. नाकावर माशी बसली, तिलाही बसू दिलं.

एक डंपर आला. ड्रायव्हरच्या कानाला फोन, आणि वर मला बघून कुचेष्टेने सलाम ठोकतोय! मी शिट्टी फुंकली. असा दचकला की फोन मांडीवरून खाली. गाडी कडेला घेऊन म्हणतो कसा, "मला वाटलं पुठ्ठा आहे." म्हटलं, "पुठ्ठाच आहे. पावती मात्र खरी आहे."

आता हेच करायचं. कधी मी, कधी तो. माझं जुनं चमकणारं जॅकेट आणि जुनी टोपी त्याला चढवली. लांबून आईलासुद्धा ओळखू आलं नसतं. कोण कधी उभा असेल कळलं नाही, तर झक मारून हळू जातील!

२६ फेब्रुवारी

उपाय लागू पडला. डंपरवाले उताराच्या तोंडाशीच गियर बदलतात.

दुपारी उन्हात उभा होतो. आमची स्वारी आली. हेल्मेट कोपरात. शिट्टी वाजवायचा धीर झाला नाही. वळणावर दचकली असती तर? आणि परत "बसने जा" म्हणणार होतो का मी? ती जवळ आली, एकदम हळू झाली, माझ्याकडे टक लावून बघितलं. मी पुठ्ठा झालो. गेली.

आपल्याच पोरीसमोर श्वास रोखून उभा राहिलो. पोलीस म्हणवतो स्वतःला!

२७ फेब्रुवारी

बायको पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "काल ती विचारत होती, आई, पुठ्ठ्याला घाम येतो का गं?"



५ मार्च

पंक्चरवाल्याने गार पाण्याची बाटली हातात दिली. "ताई ठेवून गेल्या. म्हणाल्या, त्यांना द्या." कोण ताई? "स्कूटरवाल्या. नाव नाही सांगितलं. डोळे मात्र तुमचेच आहेत."

घरी मात्र, "आई, त्यांना सांग बाथरूम रिकामं झालं."

१२ मार्च

डोकं फिरलंय. रस्ते खात्याचं उत्तर आलं. या वळणावर अलीकडे एकही अपघात नाही, सबब कठडा आणि गतिरोधकाची आवश्यकता उरलेली नाही!

अपघात का नाही? कारण मी तिथे पुतळ्यासारखा उभा आहे, पाय सुजवून घेतोय! मी उभा राहिलो म्हणून कठडा गेला. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुतळा यशस्वी झाला, हे आपल्याला वरती कळवायचंय. तुम्ही कशाला मध्ये येता?" सगळ्या वळणांना पुतळे मागवलेत. सगळ्यांवर माझीच मिशी.

लोखंड मागितलं, पुठ्ठा मिळाला. वर सत्कार. पुढच्या बुधवारी मुख्यालयात बोलावलंय.

१९ मार्च

सत्कार झाला. गुच्छ मिळाला. भाषण चालू असताना फोन बंद ठेवायला सांगितलेलं. बाहेर येऊन चालू केला तर बायकोचे आणि पंक्चरवाल्याचे कॉलच कॉल.

डंपरचे ब्रेक गेले. उतारावरून आला तो सरळ वळणाच्या कडेला — जिथे काल मी उभा होतो, परवा मी उभा होतो. आज पुतळा होता, जॅकेट-टोपी घालून. ड्रायव्हरला खरचटलंय. बाकी कुणी नाही. कठडा असता तर तिथेच अडला असता.

मी पोचलो तेव्हा चाकाखालून टोपीचा तुकडा दिसत होता. आणि रस्त्यावर आडवी पडलेली स्कूटर. आमची!

पंक्चरवाल्याने मला धरून बसवलं. "ताईंना काही नाही झालं, साहेब. त्या मागून आल्या. चाकाखाली जॅकेट बघितलं आणि स्कूटर सोडून धावल्या. बाबा, बाबा करून ओढत होत्या. मी ओरडतोय, साहेब नाहीत, पुठ्ठा आहे, पण ऐकतंय कोण! ओढता ओढता पुठ्ठा फाटला, तेव्हा खाली बसून रडायला लागल्या. मीच घरी सोडून आलो."

घरी आलो तर तिच्या खोलीचं दार बंद. ठोठावायला हात वर केला, तसाच राहिला. गुच्छ कुठे ठेवला आठवत नाही.

साहेबांचा फोन — नवा पुतळा येईपर्यंत उद्यापासून तुम्हीच उभे राहा.

२० मार्च, सकाळ

मोटरसायकलची किल्ली सापडेना. सगळं घर पालथं घातलं. ती दारात उभी होती. डोळे सुजलेले, हेल्मेट डोक्यावर, आणि माझी किल्ली तिच्या मुठीत. मी हात पुढे केला तर तिने मूठ पाठीमागे नेली.

"बाबा, तिथे उभं राहायचं असेल तर बसने जा."

आवाज असा कडक, आणि हनुवटी थरथरत होती. त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी मी असाच दिसत असणार. मी बूट काढून ठेवले.